बूनांचे बिऱ्हाड

घराणे हा शब्द आपण गवयांसाठी राखून ठेवला आहे. किराणा, आग्रा, जयपूर अशी नावे निघाली की आपण आदराने कान टवकारतो. वैद्यांची घराणी असतात, सराफांची असतात, नाटकवाल्यांचीही असतात. पण पोराने बापाचा खेळ उचलावा आणि त्यावर संसार करावा, हे आपल्या पांढरपेशा मनाला अजून तितकेसे रुचत नाही. खेळ हा शाळा सुटल्यापासून दिवेलागणीपर्यंत खेळायचा. त्यानंतर हातपाय धुऊन परवचा, आणि पुढे मोठेपणी 'पोटापाण्याचे काय?' हा प्रश्न दारात उभाच. तरीदेखील आपल्याकडे दत्ताराम हिंदळेकर भारताचे यष्टिरक्षक झाले, त्यांचे भाचे विजय मांजरेकर ५५ कसोट्या खेळले आणि विजयरावांचे चिरंजीव संजय ३७. तेव्हा अशी घराणी आपल्याला अगदीच अनोळखी आहेत असे नाही.

यंदाच्या दिवाळीला मी ज्या घराण्याची हकिकत सांगायला बसलो आहे ते मात्र सातासमुद्रापलीकडचे आहे, आणि त्याचा खेळही आपला नव्हे. अमेरिकेत बेसबॉल नावाचा खेळ आहे हे आपण ऐकून असतो. माझेही ज्ञान तेवढेच होते. पण मुलीकडे न्यू जर्सीला दोन उन्हाळे काढायचा योग आला, आणि आमचे जावईबापू निघाले न्यूयॉर्क यांकीज या संघाचे भक्त. संध्याकाळी घरी आले की टाय सोडण्याआधी ते सामना लावीत. सासऱ्याने शेजारी बसून निदान मान तरी डोलवावी, एवढी त्यांची माफक अपेक्षा. मान डोलावता डोलावता मी त्यात कधी अडकलो ते माझे मलाच कळले नाही. यांकींच्या व्यवस्थापकाचे नाव ॲरन बून. हा गृहस्थ पंचांशी हुज्जत घालण्यात मोठा पटाईत. तावातावाने मैदानात येतो, हातवारे करतो, आणि पंच त्याला सरळ बाहेरची वाट दाखवतात. मी म्हटले, "फार तापट दिसतो हा!" त्यावर जावईबापू म्हणाले, "बाबा, याची कहाणी ऐकाल तर याला काहीही माफ कराल." ती कहाणी त्यांनी सांगितली, उरलेली मी मिळेल तिथून वाचून काढली, आणि आता तुमच्यापुढे ठेवतो आहे.

खेळाची थोडी ओळख करून देणे भाग आहे. चौकोनाच्या चार कोपऱ्यांत चार बेस, एकमेकांपासून ९० फुटांवर. चेंडू टाकणारा तो पिचर. तो टप्पा न पाडता चेंडू सरळ फलंदाजाकडे फेकतो. फलंदाजाच्या मागे उकिडवा बसून चेंडू झेलतो तो कॅचर, म्हणजे आपला यष्टिरक्षक, फक्त यष्टी नाहीत. फटका मारायचा, एकेक बेस गाठत चारही फिरून परत घरच्या बेसवर यायचे, की एक धाव. चेंडू थेट कुंपणापलीकडे गेला तर होमरन. आपल्या षटकारासारखाच, पण त्याहून पुष्कळ दुर्मीळ. आणि सगळ्यांत ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, दहापैकी तीन वेळा यशस्वी होणारा फलंदाज तिकडे उत्तम गणला जातो. म्हणजे उत्तमातला उत्तम माणूसही सात वेळा मान खाली घालून परततो. हंगामात सामने १६२. इतक्या वेळा मान खाली घालायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचे, हा त्यांचा धंदा.

त्यात आणखी एक. तिकडे खेळाडू संघाच्या मालकीचा. मालकाने मनात आणले की त्याला दुसऱ्या शहरातल्या संघाला देऊन टाकायचे, बदल्यात दुसरा घ्यायचा किंवा पैसे घ्यायचे. सकाळी निरोप आला की संध्याकाळी बोचके बांधायचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर म्हणतात ते हेच. आपल्याकडे सरकारी नोकराची बदली झाली तर निदान मुलांची परीक्षा आटोपेपर्यंत मुदत मिळण्याची आशा असते. तिथे तेवढीही नाही.

या घराण्याचे मूळ पुरुष रे बून. जन्म १९२३, कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो गावी. शाळा हूवर हायस्कूल, जिथे त्यांच्या आधी टेड विल्यम्स हा विख्यात फलंदाज शिकून गेला होता. महायुद्धात ते आरमारात होते. परत आल्यावर १९४८ साली क्लीव्हलंडच्या संघातून मेजर लीगमध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च स्पर्धेत, त्यांनी पाऊल टाकले. त्याच वर्षी तो संघ वर्ल्ड सीरीज जिंकला. रे यांना त्या मालिकेत एकदाच बॅट हाती मिळाली, आणि ते बाद झाले. १९५३ साली क्लीव्हलंडने त्यांना डेट्रॉइटला देऊन टाकले. बदली झालेला माणूस काही दिवस हिरमुसतो. या गृहस्थांनी त्याच हंगामात चार वेळा तिन्ही बेस भरलेले असताना होमरन मारला. १९५५ साली तर आपल्या फटक्यांनी ११६ धावा संघाच्या पदरात टाकून अमेरिकन लीगमध्ये ते जॅकी जेन्सनच्या बरोबरीने पहिले आले. पण पुढे गुडघे कुरकुरू लागले, आणि कुरकुरणारे गुडघे मालकांना फार लवकर ऐकू येतात. १९५८ ते १९६० या तीन हंगामांत रे बून शिकागो, कॅन्सस सिटी, मिलवॉकी आणि शेवटी बॉस्टन असे फिरले. एकूण संघ सहा. हा आकडा ध्यानात असू द्या.

खेळ थांबल्यावर बॉस्टनच्याच रेड सॉक्स संघासाठी ते पोरे हेरण्याचे काम करू लागले. शाळा-शाळांच्या मैदानांवर जाऊन बसायचे, कोणाचा हात कसा चालतो ते पाहायचे आणि संघाला कळवायचे. हे काम त्यांनी तीस वर्षे केले. त्यांनी हेरलेल्या एका पोराची गाठ पुढे पडणार आहे.

मुलगा बॉब १९४७ चा. बापाने कॅचर म्हणून सुरुवात करून पुढे ती जागा सोडली. मुलगा तिसऱ्या बेसचा खेळाडू म्हणून भरती झाला आणि कॅचर झाला. मधल्या काळात स्टॅनफर्ड विद्यापीठातून मानसशास्त्राची पदवीही त्याने पदरात पाडून घेतली होती. अमेरिकन बापालाही 'पोटापाण्याचे काय?' हा प्रश्न पडत असावा, अशी मला दाट शंका आहे. कॅचरचे काम म्हणजे देहाची माती. एका सामन्यात शंभरावर वेळा उकिडवे बसायचे आणि उठायचे, वर बोटांवर, मांडीवर, मुखवट्यावर चेंडूंचे तडाखे. असे बॉबने २,२२५ सामने काढले. त्या वेळी तो विक्रम होता. वयाच्या बेचाळिशीपर्यंत हा गृहस्थ उकिडवा बसत होता! आम्ही बेचाळिशीत पाटावरून उठताना भिंतीचा आधार घेऊ लागतो.

फिलाडेल्फियाच्या फिलीज संघाने १८८३ पासून खेळून एकदाही वर्ल्ड सीरीज जिंकली नव्हती. १९८० च्या ऑक्टोबरात तो योग आला. सहावा सामना, शेवटचा डाव, फिलीज ४-१ ने पुढे, पण प्रतिस्पर्ध्यांचे तिन्ही बेस भरलेले. अशात एक उंच झेल उडाला. बॉब आणि पहिल्या बेसवरचा पीट रोझ, दोघेही त्याच्याखाली धावले. चेंडू बॉबच्या हातमोज्यात आला, आणि उसळून बाहेर पडला. शेजारी उभ्या असलेल्या रोझने तो हवेतच पकडला. क्षणभराचा खेळ. रोझ दोन पावले मागे असता तर ती मालिका बॉबने .४१२ च्या सरासरीने फलंदाजी करून गाजवली हे कोणाच्याच लक्षात राहिले नसते. त्याच्या हातून सुटलेला झेल तेवढा पिढ्यानपिढ्या सांगितला गेला असता. पुढचा फलंदाज बाद झाला आणि फिलाडेल्फियाने सत्त्याण्णव वर्षांची वाट संपवली.

पुढच्याच वर्षी खेळाडूंचा संप झाला. खेळाडू आणि मालक यांच्यातला हा झगडा जुना. रे बून यांच्या काळी खेळाडूला आपण होऊन संघ सोडण्याची सोयच नव्हती. ते बंधन १९७५ च्या अखेरीस एका लवादाने मोडले. ते परत आणण्यासाठी मालकांची धडपड चालू होती. १९८१ चा संप जवळजवळ पन्नास दिवस चालला, सातशेहून अधिक सामने बुडाले. त्या संपात खेळाडूंच्या बाजूने बोलणी करणाऱ्यांत बॉब बून पुढे होता. संप मिटला आणि डिसेंबरात फिलीजनी त्याला कॅलिफोर्नियाच्या संघाला विकले. त्या वर्षी त्याची फलंदाजी ढासळली होती हे खरे. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीच संबंध नव्हता असे मानायला मी तयार नाही. उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचे गोल्ड ग्लोव्ह त्याने कारकिर्दीत सात वेळा मिळवले. त्यांतले पाच विकला गेल्यानंतरचे आहेत!

बॉबची मुले तीन. ब्रेट १९६९ चा, ॲरन १९७३ चा, मॅट १९७९ चा. थोरल्या दोघांचे बालपण फिलीजच्या मैदानावर गेले. पीट रोझचा मुलगा त्यांचा सवंगडी. आपल्याकडे गवयाची मुले मैफलीत तंबोऱ्यामागे पेंगत बसतात आणि झोपेतच सूर कानात मुरतो म्हणतात, तसेच हे. फक्त एक फरक सांगतो. सूर मुरला तरी आजोबांच्या पाठीवरचे बिऱ्हाड आणि वडिलांच्या हातमोज्यातून उसळलेला चेंडू, हेही त्या मुलांच्या घरचेच होते. बाप रात्री घरी येतो, आज हरला की जिंकला ते आईच्या चेहऱ्यावरून ओळखायचे, आणि सकाळी तोच बाप पुन्हा कामाला निघतो. रोझच्या मुलालाही हे सगळे मिळाले होते. तो मोठेपणी मेजर लीगमध्ये अकरा सामने खेळला. आडनावाने दार किलकिले होते, त्यापुढे नाही.

ब्रेटने १९ ऑगस्ट १९९२ रोजी सिॲटलच्या मरिनर्स संघातून पदार्पण केले, आणि आजोबा, बाप, नातू असे तिघे मेजर लीगमध्ये खेळलेले हे पहिले घराणे ठरले. तीन वर्षांनी बेल घराण्याच्या तिसऱ्या पिढीतला डेव्हिड बेल आला. मौज अशी की, २००१ साली हे दोघे नातू मरिनर्समध्येच एकत्र होते, एक दुसऱ्या बेसवर, दुसरा तिसऱ्या. त्या वर्षी त्या संघाने ११६ सामने जिंकून १९०६ च्या शिकागो कब्जच्या विक्रमाशी बरोबरी केली. ब्रेटने ३७ होमरन मारले आणि १४१ धावा मिळवून देऊन अमेरिकन लीगमध्ये पहिला आला. ज्या यादीत १९५५ साली आजोबा अग्रभागी होते, तिच्यातच शेहेचाळीस वर्षांनी नातू. आजोबा त्या वेळी हयात होते. कोणते मेडल लावले असते तरी त्यांना इतके सुख झाले नसते.

धाकट्या मॅटविषयी फारसे कोणी लिहीत नाही. त्यालाही १९९७ साली आजोबांच्याच डेट्रॉइट संघाने तिसऱ्या फेरीत निवडले होते. आडनाव तेच, आई-बाप तेच, घरातल्या गोष्टी त्याच. कित्येक वर्षे तो दुय्यम संघांतून लहानलहान गावांत खेळला. मेजर लीगचे मैदान त्याच्या वाट्याला आले नाही. दिवाळीत सगळे भाऊ एका पंगतीला बसतात तेव्हा अशा धाकट्या भावाच्या पानावर आई एखादी करंजी जास्त वाढते, हे आपल्या घरांतून मी पाहिले आहे. सॅन डिएगोकडच्या आया करंजीऐवजी काय वाढतात कोण जाणे, पण वाढत असणार.

आता ॲरन. तिघांत स्वभावाने शांत. (पंचांवर ओरडणारा हा माणूस शांत कसा, असे विचारू नका. काही माणसे स्वतःसाठी गप्प बसतात आणि हाताखालच्या पोरांसाठी भांडतात.) १९९७ साली तो सिनसिनाटीच्या रेड्स संघात आला. ब्रेटही तेव्हा तिथेच होता. १९९८ च्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी संघाने एक गंमत केली: चारही आतल्या जागांवर दोन भावांच्या जोड्या उभ्या केल्या. ब्रेट आणि ॲरन बून, बॅरी आणि स्टीफन लार्किन. पुढे २००१ मध्ये त्याच संघाचा व्यवस्थापक म्हणून आला कोण, तर तीर्थरूप बॉब बून! बापाच्या हाताखाली नोकरी करणे ही काय चीज आहे हे ज्यांनी केली आहे त्यांना विचारावे. मुलगा चांगला खेळला तर बापाचा वशिला, वाईट खेळला तरी बापाचाच वशिला.

२००३ चा जुलै या घराण्याने कसा काढला ते पाहा. १५ तारखेला शिकागोला दोन लीगांतल्या निवडक खेळाडूंचा ऑल-स्टार सामना होता, आणि त्यासाठी ब्रेट एका बाजूने, ॲरन दुसऱ्या बाजूने निवडला गेला होता. आजोबा, बाप आणि नातू तिघेही ऑल-स्टार, हा मान आधी कोणत्याच घराला मिळाला नव्हता. २७ तारखेला रे बून यांना ऐंशी वर्षे पूर्ण झाली. आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाची तयारी सुरू झाली असती. २८ तारखेला सिनसिनाटीने बॉबला व्यवस्थापकपदावरून काढून टाकले. ३१ तारखेला त्याच संघाने ॲरनला न्यूयॉर्क यांकीजकडे धाडले. चार दिवसांत बापाची नोकरी गेली आणि मुलाचे बिऱ्हाड उठले.

न्यूयॉर्कला ॲरनचे बस्तान नीट बसेना. ऑक्टोबरात अमेरिकन लीगच्या अंतिम मालिकेत यांकीज आणि बॉस्टन रेड सॉक्स समोरासमोर आले. हे वैर केवढे म्हणून सांगू! बॉस्टनने १९१८ पासून वर्ल्ड सीरीज जिंकली नव्हती, आणि त्यांच्या वाटेत न्यूयॉर्क पुन्हापुन्हा आडवे येत होते. ॲरनची दशा अशी की सोळा वेळा बॅट घेऊन गेला आणि दोनदाच फटका लागला. निर्णायक सातव्या सामन्यात, १६ ऑक्टोबर २००३ ला, त्याला चक्क बाकावर बसवले. आठव्या डावात दुसऱ्याऐवजी धावायला म्हणून तो मैदानात आला. ५-२ ने मागे पडलेल्या यांकींनी त्याच डावात बरोबरी केली. नववा डाव गेला, दहावा गेला. मध्यरात्र उलटली.

अकराव्या डावाच्या सुरुवातीला ॲरन बॅट घेऊन उभा राहिला. समोर टिम वेकफील्ड. हा नकलबॉल टाकणारा. चेंडू मुळीच फिरकी न घेता हवेत डुलत डुलत येतो आणि शेवटच्या क्षणी कुठे वळेल ते टाकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पहिलाच चेंडू. ॲरनने तो डावीकडच्या प्रेक्षकांत भिरकावून दिला. सामना संपला, मालिका संपली, बॉस्टनचा आणखी एक हंगाम संपला. न्यूयॉर्कचा पिचर मारियानो रिव्हेरा, जो त्याआधी तीन डाव टाकून थकला होता, धावत जाऊन मैदानाच्या मधोमध मातीवर कोसळला आणि रडू लागला. त्या रात्री दूरचित्रवाणीवर सामन्याचे वर्णन करणाऱ्यांत पाहुणा म्हणून ब्रेट बसलेला होता. बोलण्याचेच काम असलेल्या या भावाच्या तोंडून शब्द फुटेना. मी ते चित्रण पाहिले आहे. हजारो माणसे ओरडत आहेत, आणि थोरला भाऊ गप्प.

अशा रात्रीनंतर गोष्ट संपवावी असा मोह कोणालाही होईल. पण आठवडा उलटायच्या आत वर्ल्ड सीरीजमध्ये फ्लोरिडाविरुद्ध पुन्हा अकरावा डाव आला, तिन्ही बेस भरलेले होते, आणि ॲरन फटका न मारताच बाद झाला. यांकीज तो सामना हरले, मालिकाही हरले.

आणि खरी परीक्षा तर जानेवारीत होती. हंगाम संपून घरी आलेला ॲरन मित्रांबरोबर बास्केटबॉल खेळत होता. कोणी अंगावर आदळले, डाव्या गुडघ्याचे बंधन तुटले. यांकींशी त्याने नुकताच एका वर्षाचा करार केला होता, ५७ लाख ५० हजार डॉलरचा. त्या करारात स्पष्ट कलम होते की बास्केटबॉल खेळायचा नाही. व्यायाम करताना पाय मुरगळला, जिन्यावरून घसरलो, असे काहीही सांगता आले असते. आपण असतो तर काय सांगितले असते, हे प्रत्येकाने आपल्याशी पाहावे. ॲरनने संघाला कळवले की मी बास्केटबॉल खेळत होतो. फेब्रुवारीत यांकींनी त्याच्या जागी ॲलेक्स रॉड्रिगेझ हा त्या काळचा सर्वांत महागडा खेळाडू आणला आणि महिनाअखेरीस ॲरनला मोकळे केले. हातात पडले ते नऊ लाख डॉलरच्या आसपास. सगळ्या न्यूयॉर्कने ज्याला डोक्यावर घेतले होते तो चार महिन्यांत बेकार झाला.

माझ्या मते या घराण्याची पुण्याई त्या अकराव्या डावापेक्षा या जानेवारीत दिसते. लंगडा, काढून टाकलेला खेळाडू म्हणून घरी बसायची पाळी आली तेव्हा त्याच्या घरात असे दोन म्हातारे होते ज्यांना विकलेही होते आणि काढूनही टाकले होते, आणि जे दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागले होते. जूनमध्ये क्लीव्हलंडने ॲरनला घेतले. आजोबांचे पहिले बिऱ्हाड जिथे होते, तेच क्लीव्हलंड. पुढे फ्लोरिडा, वॉशिंग्टन, ह्यूस्टन. मोजून पाहा, नातवाचेही संघ सहाच भरतात.

ह्यूस्टनला असताना, २००९ च्या मार्चमध्ये, त्याच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली. जन्मापासूनच त्याच्या हृदयाच्या एका झडपेला तीनऐवजी दोनच पाकळ्या होत्या, आणि ती बदलण्याची वेळ आली होती. छाती उघडून झडप बदललेला हा माणूस त्याच वर्षी सप्टेंबरात पुन्हा मेजर लीगच्या मैदानावर उभा राहिला. नंतर त्याने निवृत्ती घेतली आणि काही वर्षे दूरचित्रवाणीवर समालोचन केले. २०१७ च्या डिसेंबरात यांकींनी त्याला व्यवस्थापक म्हणून बोलावले, तेरा वर्षांपूर्वी मोकळे केले होते त्याच यांकींनी. याआधी त्याने कोणताही संघ सांभाळलेला नव्हता. २०२४ साली त्याने त्यांना वर्ल्ड सीरीजपर्यंत नेले. तिथे ते लॉस एंजेलिसकडून हरले, आणि न्यूयॉर्कची वर्तमानपत्रे त्याच्यावर तुटून पडली. चौथ्या पिढीतला जेक, ब्रेटचा मुलगा, प्रिन्स्टन विद्यापीठात शिकला आणि २०२० साली वॉशिंग्टनशी करार करून दुय्यम संघांत दाखल झाला. जेकचा आजोबाही पदवी घेऊनच निघाला होता.

एक सांगायचे राहिले, ते रे बून यांचे. नातवाचा तो होमरन त्यांच्या दृष्टीने कसा होता याचा विचार करा. ज्या बॉस्टनने त्यांना शेवटचे खेळवले, ज्या बॉस्टनसाठी तीस वर्षे त्यांनी उन्हातान्हात शाळांची मैदाने पालथी घातली, त्याच बॉस्टनच्या छातीत नातवाने सुरी खुपसली होती. म्हाताऱ्याने हसावे की रडावे? वर्षभर ते आजारीच होते. १७ ऑक्टोबर २००४ रोजी ते वारले. न्यूयॉर्कच्या त्या मध्यरात्रीला त्या दिवशी बरोबर वर्ष झाले. त्या रात्री यांकीज आणि बॉस्टन पुन्हा त्याच मालिकेत समोरासमोर होते, बॉस्टन तीन सामने हरून बसले होते. चौथा त्यांनी जिंकला, पाचवाही जिंकला.

१९ तारखेला सहावा सामना, न्यूयॉर्कला. बॉस्टनचा पिचर घोट्याची शीर डॉक्टरांकरवी टाके घालून बांधून घेऊन आला होता, आणि सामना चालू असताना त्याचा पायमोजा रक्ताने भिजत गेला. नाव कर्ट शिलिंग. १९८६ मध्ये बॉस्टनच्या पदरात पडलेला, १९८८ मध्ये त्यांनीच हातचा घालवलेला आणि आदल्या नोव्हेंबरात परत आणलेला. पोरवयात त्याला हेरून बॉस्टनच्या करारावर त्याची सही घेतली होती ती रे बून यांनी. यांकींच्या तिसऱ्या बेसवर, ॲरनच्या जागी, रॉड्रिगेझ उभा होता. बॉस्टनने सामना ४-२ ने जिंकला.